जाताना साडेसहा तास, येताना चोवीस

शेजारच्या काकू परवा संध्याकाळी तिकिटाची प्रिंट घेऊन आल्या. मुलगा न्यूयॉर्कजवळ असतो, पहिल्यांदाच निघाल्यात. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या गल्लीत आता घर सोडून घर कुणी ना कुणी परदेशात आहे, त्यामुळे सल्ला द्यायला माणसं पुष्कळ. पण काकूंचा प्रश्न सल्ल्याचा नव्हता.

"तू पोरांना गणित शिकवतोस ना, मग हे सांग," म्हणाल्या आणि प्रिंट माझ्यापुढे धरली. मुंबईहून रात्री २.०० ला निघायचं, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८.३० ला पोचायचं. परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११.०० ला निघायचं, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.०० ला उतरायचं. विमान दोन्ही वेळेला थेट, मध्ये कुठे थांबा नाही. "जाताना साडेसहा तास आणि येताना चोवीस? तेच विमान, तोच रस्ता. मग येताना ते करतं काय एवढा वेळ?"

मागून काकांनी आपलं मत दिलं. अमेरिका पृथ्वीच्या खालच्या अंगाला, येताना चढ लागणारच.

काकांना हसू नका. विमानप्रवासाच्या वेळेबद्दल सुशिक्षित माणसांच्या डोक्यात असलेल्या समजुती या चढापेक्षा फार वेगळ्या नसतात. खरी गंमत तर अशी, की काकूंचं तिकीट जे दाखवतं त्याच्या नेमकं उलट घडतं. जातानाच विमान जास्त वेळ उडतं, येताना कमी.

आधी घड्याळाचा हिशेब चुकता करू, तो सोपा आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचण्याची न्यूयॉर्कच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे तिथे सकाळचे ८.३० वाजले, तेव्हा सांगलीत संध्याकाळचे ६.०० झालेले असतात. रात्री २.०० पासून संध्याकाळी ६.०० पर्यंत सोळा तास. हा जातानाचा खरा प्रवास. परतीचं उलट करा. मुंबईत सकाळी ११.०० वाजता उतरताना न्यूयॉर्कच्या घड्याळात मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असतो. सकाळी ११.०० पासून रात्री १.३० म्हणजे साडेचौदा तास.

तिकीट म्हणतं येताना साडेसतरा तास जास्त, खरा प्रवास म्हणतो दीड तास कमी. घड्याळानं एकीकडे साडेनऊ तास खाल्ले, दुसरीकडे साडेनऊ जोडले, मिळून एकोणीस. त्यातून हा दीड तास वजा करा, साडेसतरा उरतात. म्हणजे एवढ्या मोठ्या आकड्याच्या पोटात तो दीड तास लपून बसलाय, आणि उलटा बसलाय. त्याच्याकडे यायचंच आहे, पण आधी घड्याळाबद्दल थोडं.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधली आहे, ती रेषा जाते तिकडे प्रयागराज-मिर्झापूरकडून. सांगली आहे साधारण ७४.६ अंशांवर. आठेक अंशांचा फरक, म्हणजे बत्तीस मिनिटं. त्यामुळे आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा सांगलीत सूर्य माथ्यावर आलेलाच नसतो, तो सरासरी साडेबाराच्या सुमाराला येतो. मुंबई आणखी पश्चिमेला. तिथे तर आपली वेगळी वेळ होती, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालू होती. एकाच देशात दोन घड्याळं सांभाळणाऱ्या मुंबईकरांना न्यूयॉर्कचं तिकीट काय जड गेलं असतं!

अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. म्हणून हिवाळ्यात आपल्यातला फरक साडेदहा तासांचा होतो. फोन करताना हे लक्षात ठेवायचं, बाकी काही नाही.

आता अंतर. काकूंना विचारलं, न्यूयॉर्क कुठल्या दिशेला? "पश्चिमेला. अरबस्तान, मग आफ्रिका, मग तो मोठा समुद्र." भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं तर असंच दिसतं. अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को, मग अटलांटिक आणि न्यूयॉर्क. अगदी सरळ रेघ. पण या वाटेनं गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात.

मी शिकवणीच्या खोलीतून पृथ्वीगोल आणला, ३० सेंटीमीटर व्यासाचा. काकूंकडे गजऱ्याचा दोरा कायम असतो. त्याचं एक टोक मुंबईवर धरायला लावलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि म्हटलं, आता ताणा. दोरा ढिला होता तोवर अरबस्तानावर पडला होता. ताणला तसा वर सरकू लागला. इराण सोडलं, कॅस्पियन समुद्राच्याही पूर्वेला गेला, आणि घट्ट झाला तेव्हा अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. दोऱ्याची लांबी भरली साडेएकोणतीस सेंटीमीटर. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. गुणाकार केला की १२,५०० येतात. नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा सोळाशे-सतराशे किलोमीटरनी कमी. सांगलीहून मुंबईला दोनदा जाऊन यावं एवढं अंतर नुसता दोरा ताणून वाचलं.

मुंबईहून निघताना हा दोरा पश्चिमेला जातच नाही. तो जातो उत्तरेला, जरासा पश्चिमेकडे झुकून. काकू दोन मिनिटं दोरा धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे अमेरिका उत्तरेला आहे?" निघताना तरी, हो.

हे पटायला कलिंगड बरं पडतं. कलिंगडाच्या सालीवर शाईनं दोन ठिपके द्या. आता सुरी अशी घाला, की ती दोन्ही ठिपक्यांतून जाईल आणि कलिंगडाचे बरोब्बर दोन अर्धे करेल, म्हणजे त्याच्या मध्यबिंदूतून जाईल. सालीवर उमटलेली कापाची कड हीच त्या दोन ठिपक्यांमधली सगळ्यात जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात. मधून न जाणारा कोणताही काप, म्हणजे आपण बाजूच्या चकत्या काढतो तसा, सालीवर लांबचा फेरा घेतो. अक्षांशाची वर्तुळं, विषुववृत्त सोडलं तर, सगळी अशा चकत्याच आहेत. विषुववृत्तावर पृथ्वीची कंबर ४०,०७५ किलोमीटर, आणि ६० अंश उत्तरेला तीच वाट निम्म्यावर येते. वर जाऊन वळसा घातला तर पल्ला कमी का होतो, ते इथे आहे.

अंतराचे आकडे काढणारी बहुतेक यंत्रं एक कोन मोजतात. पृथ्वीच्या मध्यापासून मुंबईकडे एक रेघ आणि न्यूयॉर्ककडे दुसरी काढली, तर त्यांच्यात ११२.७ अंशांचा कोन होतो. जमिनीवर एक अंश म्हणजे १११ किलोमीटरपेक्षा किंचित जास्त. झालं.

नकाशा का फसवतो? कारण गोल गोष्ट कागदावर सपाट पसरताना कुठेतरी ताणावी लागते. शाळेत टांगलेले पुष्कळ नकाशे मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचे. त्यानं ती १५६९ मध्ये खलाशांसाठी काढली, आणि जहाजाची दिशा धरायला ती उत्तम होती. पण तिच्यात ध्रुवाकडचा भाग फुगतो. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. सांगलीहून मुंबईला जाताना रस्ता वाकतो तो घाटामुळे. म्हणून हवाई अंतर ३१० किलोमीटरच्या आसपास आणि गाडीचं पावणेचारशेच्या पुढे. विमानाची वाट पडद्यावर वाकलेली दिसते ती मात्र कागदामुळे. विमान आपलं सरळच चाललेलं असतं.

मोठी प्रवासी विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात. १२,५०० ला ९०० नं भागा, चौदा तासांच्या जरा आत उत्तर येतं. तिकीट सोळा म्हणतं. दोन तास कुठे गेले?

थोडे जमिनीवर गेले. तिकिटावरची वेळ चाकं उचलल्यापासूनची नसते, ती विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि रात्री परदेशी विमानांची रांग लागलेली असते. वर चढताना, खाली उतरताना वेग कमी असतो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी ऐस धरतात, लवकर पोचलं तर कुणी तक्रार करत नाही.

थोडे गेले वळशात. दोरा अफगाणिस्तानवरून गेला, पण त्याआधी तो पाकिस्तानवरून गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत ते बंद होतं. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ पासून रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आकाश बंद केलं, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच दोन शहरांमधलं अंतर कंपनीच्या झेंड्याप्रमाणे बदलतं. दोऱ्याला सरहद्दी कळत नाहीत, विमानाला त्या पाळाव्या लागतात. त्यात दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक अट असते: एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात उतरता येईल असा विमानतळ वाटेत कायम आवाक्यात हवा.

आणि उरलेला वेळ खातो वारा. इथे तो लपलेला दीड तास सापडतो.

तुम्ही सांगलीच्या घाटावरून होडीनं हरिपूरला निघालात असं धरा. अंतर समजा चार किलोमीटर. साचलेल्या पाण्यात तुमची होडी तासाला सहा किलोमीटर जाते आणि कृष्णेची ओढ तासाला दोनची आहे. हरिपूरकडे पाण्याबरोबर जाताना वेग आठ, म्हणजे अर्ध्या तासात संगमावर. परत येताना वेग चार, म्हणजे पूर्ण एक तास. होडी तीच, वल्हवणारे हात तेच, जाणं-येणं सारखं नाही. एकूण झाला दीड तास. पाणी थांबलेलं असतं तर एक तास वीस मिनिटांत दोन्ही फेऱ्या झाल्या असत्या. पुष्कळांना वाटतं की जाताना मिळालं ते येताना गेलं, हिशेब सारखा. तसं होत नाही, नदी दहा मिनिटं स्वतःकडे ठेवून घेते. कारण उलट्या पाण्यात तुम्ही जास्त वेळ असता.

आकाशात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात तिथे, अशाच नद्या वाहतात. त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात तीनशेच्याही वर जातो. विषुववृत्ताजवळची जमीन पृथ्वीच्या फिरण्यानं ताशी १,६७० किलोमीटर पूर्वेकडे सरकत असते, तिच्यावरची हवाही तेवढ्याच वेगानं. ती गरम हवा वर चढून ध्रुवाकडे निघते. तिकडची जमीन हळू सरकणारी, ६० अंशांवर निम्म्याच वेगाची. हवेचा जुना वेग मात्र सगळा जात नाही. म्हणून ती जमिनीच्या पुढे पूर्वेकडे धावू लागते. हे ढोबळ झालं, पण गाभा हाच.

जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. पण अहवाल लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगभर वाचला जावा म्हणून. झालं उलटंच, बाहेर फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून गेली, तेव्हा हा वारा त्यांना अंगावर घेऊन कळला.

इथे काकांनी दुसरं मत दिलं. पृथ्वी फिरतेय तर विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी अमेरिका खाली येईल की! ही समजूत चढापेक्षाही पक्की आहे. पण विश्रामबागेवर हेलिकॉप्टर तासभर एका जागी राहिलं तर खाली विश्रामबागच असते. सांगली तासाला सुमारे १,६०० किलोमीटर पूर्वेकडे सरकते. हवा बरोबर आली नसती तर तेवढ्या वेळात हेलिकॉप्टरखाली अरबी समुद्र आला असता. पण जमिनीचा वेग हवेलाही असतो आणि हेलिकॉप्टरलाही, जसा एसटीचा वेग नाण्यालाही असतो, म्हणून धावत्या एसटीत वर उडवलेलं नाणं पुन्हा हातातच पडतं.

मग वैमानिक करतात काय? जाताना ती नदी टाळतात, येताना तीत उतरतात. म्हणून जातानाची आणि येतानाची वाट पडद्यावर वेगळी दिसते, आणि रोजचीही एकसारखी नसते. उत्तर अटलांटिकवरच्या मुख्य वाटा तर वाऱ्याचा अंदाज घेऊन दिवसातून दोनदा नव्यानं आखतात.

सगळ्यात बोलका दाखला एअर इंडियाचा. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचं विमान आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि पोचलं साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास लवकर. वारा पाठीला होता. लांबची वाट जवळची ठरली. अंतर विचारून वेळ सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण ऐकवतो.

दुसरा दाखला फेब्रुवारी २०२० चा. अटलांटिकवर मोठं वादळ होतं. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,२०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर आवाजाचा वेग असतो ताशी १,०६० च्या आसपास. मग विमानानं आवाजाला मागे टाकलं का? नाही. भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं, हवाच धावत होती. काकू, तुमच्या पुढच्या पडद्यावर ग्राउंड स्पीड म्हणून आकडा दिसेल तो हा, जमिनीच्या मानानं. जाताना तो आठशेच्या आत दिसला तर घाबरू नका, आणि येताना हजाराच्या वर गेला तर काकांना उठवू नका.

आवाजाच्या दुप्पट वेगानं खरोखर उडणारं प्रवासी विमानही होतं, कॉनकॉर्ड. १९७६ ते २००३ उडलं. १९९६ मध्ये त्यानं न्यूयॉर्क ते लंडन तीन तासांच्या आत गाठलं. पण पेट्रोलपाणी अफाट, तिकीट त्याहून. ते गेलं, आणि आपण पुन्हा ९०० वर आलो.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग कागद घेऊन स्वतः मांडलं: संध्याकाळी सहाला तिकडे साडेआठ, रात्री साडेआठला तिकडे अकरा, नोव्हेंबरात एक तास कमी. बरोबर होतं. मी विचारलं, सांगलीहून कधी निघताय? गाडीला आठ तास धरा, मुंबईत शिरताना अडकलात तर नऊ. विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं.

"पंधरा तारखेला दुपारी गाडी सांगितलीय," काकू म्हणाल्या. "रात्री दोनचं विमान ना, भरपूर वेळ आहे."

मी प्रिंट परत घेतली. तारीख होती पंधरा, वेळ २.००. आपला वार सूर्योदयाला बदलतो. पंचांगात तेच आणि बोलण्यातही तेच. रात्री दोनला उठलेला माणूस अजून कालच्याच दिवसात असतो. विमान कंपनीची तारीख मात्र रात्री बाराला बदलते. पंधराच्या २.०० ला सुटणारं विमान चौदा तारखेच्या जेवणानंतरचं. काकूंची गाडी विश्रामबागेतून निघाली असती, तेव्हा विमान आइसलँडच्या आसपास असतं.

काकूंनी तिकिटाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं.

"गाडीवाल्याला फोन लावा आधी," त्या म्हणाल्या. "चढाचं नंतर बघू."